पिकअपच्या बोनेटखाली लॅपटॉप कसा शिरला

टोमॅटोच्या सीझनला चुलतभावाची गाडी नारायणगाववरून कॅरेट भरून वाशीला निघाली होती. माळशेज उतरून टोकावड्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागली आणि पिकअपचा पिकअपच गेला, पाय फळीला टेकेपर्यंत दाबला तरी काटा तीसच्या वर जाईना. गाडी बंद करून चालू केली, बॅटरीची वायर काढून लावली, सगळं करून झालं. मुरबाडच्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाला, जुनी असती तर इथंच चालू करून दिली असती, हिला कॉम्प्युटर लावल्याशिवाय काय कळणार नाही. कॉम्प्युटर कल्याणच्या वर्कशॉपमध्ये आणि दिवस रविवारचा. माल दुसऱ्या गाडीत टाकला, तोवर बाजार होऊन गेला होता. कुठल्या कंपनीची गाडी ते सोडा, कारण ग्रुपवर, गॅरेजवर, मार्केटच्या लाईनीत कुणालाही विचारा, कंपनी बदलते, गोष्ट हीच. म्हणून हे सगळं मुळात आलं कुठून ते एकदा नीट मांडावं म्हटलं.

जुन्यापासून सुरू करू. टाटा ४०७ आली १९८६ ला, तिच्यामागे १९८८ ला टाटामोबाईल २०६ ही पिकअप, नंतर २०७. महिंद्राकडे जीपच्या वंशातल्या गाड्या आणि त्यात प्यूजोच्या लायसन्सवर इगतपुरीत बनलेलं डिझेल इंजिन. २००५ ला छोटा हत्ती म्हणजे टाटा एस आला, दोन सिलिंडरचा, ७०० सीसीचा, पुण्यात गिरीश वाघ यांच्या टीमने काढलेला, आणि तीनचाकी टेम्पोवाल्यांनी तो अक्षरशः उचलला. या जुन्या डिझेलची एक गंमत होती, एकदा इंजिन सुरू झालं की त्याला करंटशी फारसं देणंघेणं नसायचं, डिझेल आणि हवा मिळाली की चाललं. पंप मेकॅनिकल, नोझलचं प्रेशर दोनशे-अडीचशे बारच्या आसपास, एअर धरली तर फिल्टरवरचा हातपंप मारायचा, नोझल गळायला लागलं की तालुक्याच्या पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट करून आणायचं. आवाजावरून टॅपेट कळायचं, धुराच्या रंगावरून बोअर-पिस्टन. काळा धूर, निळा धूर, पांढरा धूर, तीनच कोड, आणि ते वाचायला स्कॅनर लागत नव्हता. बंद पडायच्या नाहीत असं अजिबात नाही हां, उलट जास्तच बंद पडायच्या, घाटात गरम व्हायच्या, हेड गॅसकिट उडायचं, पण जिथं बंद पडली तिथून पाच-दहा किलोमीटरवर ती चालू करणारा माणूस असायचा. माझं म्हणणं सगळं याच एका फरकाभोवती आहे.

आता तो काळा धूर. तो आपल्याला ओळखीचा असला तरी शहरातल्या माणसाच्या फुफ्फुसात जात होता आणि त्यात काही खोटं नाही, आपली पोरंही त्याच शहरात शिकायला राहतात. डिझेल गाड्यांना पहिले उत्सर्जन नियम लागले १९९२ ला, ते फारच ढिले. २००० पासून युरोपच्या धर्तीवर नियम आले. मग २००१ ला रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, म्हणजे आपले गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ माशेलकर, आणि त्या समितीच्या अहवालावरून २००३ ला ऑटो फ्युएल पॉलिसी झाली. धुराच्या नियमांच्या भारत स्टेज, म्हणजे बीएस, या पायऱ्या देशभर कधी चढायच्या ते वेळापत्रक तिथून निघालं.

या वेळापत्रकात एक भानगड होती जी आपल्याकडच्या गाडीमालकांनी चांगली भोगली आणि काहींनी चांगली वापरलीही. देश दोन भागात वाटला गेला होता. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ लागू झालं ते फक्त तेरा शहरांत, त्यात मुंबई, पुणे आणि चक्क सोलापूर, बाकी सगळीकडे बीएस-३. म्हणजे सोलापूर शहराच्या पंपावर ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखात पन्नास भाग, सल्फरचं डिझेल आणि पलीकडच्या गावात ३५० पीपीएमचं. शहरात घेतलेल्या नव्या गाडीत गावाकडचं डिझेल पडायचं, आणि ज्याला स्वस्त गाडी पाहिजे तो बाहेरच्या आरटीओला पासिंग करून बीएस-३ आणायचा. हा खेळ १ एप्रिल २०१७ ला संपला, देशभर बीएस-४ आलं, आणि त्याच्या फक्त तीन दिवस आधी, २९ मार्चला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिल्लक बीएस-३ गाड्या विकायच्याच नाहीत. सगळ्या प्रकारच्या मिळून आठ लाखांवर गाड्या स्टॉकमध्ये होत्या. शेवटच्या दोन दिवसांत शोरूमला जी डिस्काउंटची झुंबड उडाली ती आठवत असेल.

बीएस-४ पर्यंत कॉमन रेल, म्हणजे एकाच पाईपातून सगळ्या इंजेक्टरना प्रेशरने डिझेल, आलं होतं आणि खरा बदल तिथेच झाला होता, आपल्याला कळला नंतर. कॉमन रेलमध्ये डिझेलचं प्रेशर सोळाशे बारच्या पुढे जातं, इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते पंप ठरवत नाही, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. यातले इंजेक्टर बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात बनतात, म्हणजे कुठं लांब जायला नको. पण त्या इंजेक्टरच्या आतली फट मायक्रॉनमध्ये, भेसळीचं डिझेल, पाणी, थोडा कचरा, काहीच चालत नाही. आणि बऱ्याच इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो, नवा बसवला की तो कोड ईसीएमला शिकवावा लागतो. पाना घेऊन इंजेक्टर बदलता येतो, गाडीला तो ओळखीचा करून देता येत नाही, त्याला सॉफ्टवेअर लागतं आणि सॉफ्टवेअर कंपनीकडे. मिस्त्रीचा हात इथं पहिल्यांदा अडला.

तरी बीएस-४ पर्यंत बरं चाललं होतं. जानेवारी २०१६ ला सरकारने ठरवलं की बीएस-५ गाळायचं आणि सरळ सहावर उडी मारायची, तारीख १ एप्रिल २०२०. युरोपने पाचावरून सहावर यायला जवळपास पाच वर्षं घेतली, त्याआधी चारावर तेवढीच, आपण दोन्ही पायऱ्या एका उडीत. ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने परत तारीख पक्की केली, आणि तारीख आली ती नेमकी लॉकडाऊनमध्ये. सगळा देश घरात, शोरूम बंद, आणि पंपावर १० पीपीएम सल्फरचं डिझेल. हवेच्या बाजूने बघितलं तर हे मोठं काम झालं, डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा बीएस-४ ला किलोमीटरला ०.०२५ ग्रॅम होती ती ०.००४५ वर आली. पण हे जे कण बाहेर यायचे बंद झाले ते कुठं जातात? ते सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या डब्यात साठतात. तोच डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर.

डीपीएफ समजून घेतलं तर निम्म्या तक्रारी समजतात. मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेला सिरॅमिकचा ठोकळा, त्यात काजळी अडकते, भरत आली की जाळून टाकायची, त्याला म्हणतात रिजनरेशन. त्यासाठी एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापवावा लागतो, ईसीएम जादा डिझेल मारून तो तापवतो, आणि हे होईपर्यंत गाडी बऱ्यापैकी वेगात सलग चालायला पाहिजे. आता आपली पिकअप काय करते बघा. मळ्यातून गावातल्या बाजाराला आठ-दहा किलोमीटर, तिथं बंद. दुपारी खताच्या दुकानावर, बंद. मार्केटच्या गेटसमोर दोन तास लाईनीत, इंजिन चालू, गाडी जागेवर. रिजनरेशन अर्धवट सुटतं, परत सुरू होतं, परत सुटतं, जादा मारलेलं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. आमच्याकडे एकाने हे बघून सांगितलं होतं की नवीन गाडी ऑईल खात नाही, उलट देते! शेवटी डबा चोंदतो आणि गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते, तोच तो लिंप मोड. म्हणूनच सेम मॉडेल, सेम वर्ष, पण पुणे–बेंगळुरू रोज पळणाऱ्याची गाडी गुणी आणि गावातल्या गावात फिरणाऱ्याची अवगुणी निघते, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसतात. शिवाय ऑईलही कमी राखेचंच लागतं, कारण काजळी जळते, राख जळत नाही. मागे पाटे वाढवून डबल माल भरायची सवय आपली आहेच, तेही धरा.

डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये मारायचं द्रावण, ज्याला सगळे युरियाच म्हणतात, ती वेगळी कहाणी. सगळ्या पिकअपना लागत नाही, पण ज्यांना लागतं तिथं शेतकऱ्याच्या डोक्यात पहिला विचार काय येणार, घरात पोती पडली आहेत की! डीईएफ म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. पण खताचा युरिया २०१५ पासून सगळा निमकोटेड आहे, तो कारखान्यांकडे वळू नये हेही त्या कोटिंगमागचं एक कारण, आणि तो टाकीत कालवून ओतला की धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लागते. काहींनी हे करून बघितलेलं आहे, बिल बघून गप्प बसले.

२०२३ च्या एप्रिलपासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागला, म्हणजे लॅबमधली टेस्ट पुरेशी नाही, प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजायचा. याला जोर मिळाला तो २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणाने, टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागणारं सॉफ्टवेअर त्यांनी गाड्यांत घातलं होतं. चोरी तिकडे, सेन्सर इकडे वाढले. आणि प्रत्येक सेन्सर म्हणजे एक वायर, एक कनेक्टर, आणि कांद्याच्या चाळीशेजारी गाडी लावणाऱ्याला उंदीर काय करतात ते सांगायला नको.

अमेरिकेत हाच सिनेमा आपल्या आधी लागून गेला. तिथल्या डिझेल पिकअपना २००७ च्या नियमांनी डीपीएफ आला, २०१० ला बऱ्याच गाड्यांत डीईएफ. फोर्डच्या ६ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनाने २००३ पासून इतका छळ मांडला की मोठ्या कामाला अख्खी केबिन उचलून बाजूला ठेवणं हीच तिथली रूढ पद्धत झाली, आणि फोर्ड आणि इंजिन बनवणारी नेव्हिस्टार दोघं कोर्टात भांडले. पण तिथं एक गोष्ट झाली, मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ ला कायदा केला की कंपनीने तपासणीची माहिती आणि साधनं बाहेरच्या गॅरेजलाही विकत द्यायची, आणि २०१४ ला कंपन्यांनी ते देशभरासाठी मान्य केलं.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं वाटतं ना? झालंय. २०११ ला एका ग्राहकाने तीन कार कंपन्यांविरुद्ध कॉम्पिटिशन कमिशनकडे, म्हणजे बाजारातली मक्तेदारी बघणाऱ्या आयोगाकडे, तक्रार केली, चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला कमिशनने चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला. कारण काय, तर अस्सल पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. बीएस-६ च्या सहा वर्षं आधी ही गोष्ट कागदावर लिहून झाली होती! पुढे अपिलं, कोर्टं, स्टे, आणि मुरबाडच्या मिस्त्रीपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. २०२२ च्या डिसेंबरला केंद्राच्या ग्राहक खात्याने राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत आणि शेतीची अवजारंही, पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर. मिस्त्रीकडे आता चायनीज स्कॅनर असतो, तो कोड वाचतो आणि पुसतोही, पण सक्तीचं रिजनरेशन किंवा इंजेक्टरचं कोडिंग म्हटलं की बहुतेक वेळा हात वर. मग काहीजण डीपीएफच कापून काढतात आणि ईसीएम मॅप करून, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलून, घेतात. ते बेकायदा आहे, आणि गाडी परत वॉरंटीत घेऊन जायची सोय राहत नाही ती वेगळीच.

भावाच्या गाडीचं शेवटी काय निघालं तर डीपीएफच्या प्रेशर सेन्सरची बोटाएवढी रबरी नळी तडकलेली. सेन्सर चुकीचं सांगत होता, डबा मोकळाच होता. नळी मुरबाडला कुठल्याही दुकानात मिळाली असती, कापून क्लिप मारली की झालं, फक्त तीच फाटली आहे हे सांगणारं कुणी तिथं नव्हतं. आता तो एक बीएस-४ बघतोय, २०१८-१९ ची, पण तशा गाड्या ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत, आणि आणखी जुनी घ्यावी तर पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीची फिटनेस फी २०२२ पासून एवढी वाढवली आहे की हिशोब बसत नाही.