हूटहूटचं घड्याळ आणि महालातला पिंगळा

दिवाळीच्या सुट्टीत भाची पुण्याहून नागपूरला आली की संध्याकाळी ताईचा मोबाईल हिसकावून थेट गच्ची गाठते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून आजूबाजूचे 'पोकेमॉन', म्हणजे मोबाईलवरच्या खेळातले काल्पनिक प्राणी, बरे सापडतात म्हणे. यंदा तिला एक घुबड सापडलं. गोल, तपकिरी, लालभडक डोळ्यांचं, एका पायावर उभं. नाव हूटहूट. त्याची माहिती वाचता वाचता ती थांबली.

"मामा, याच्या अंगात एक अवयव असतो म्हणे. त्याला पृथ्वी फिरलेली कळते, म्हणून हे रोज बरोब्बर एकाच वेळेला ओरडतं. खरंय का?"

मी म्हटलं, "काहीतरीच." मागच्या कडुनिंबाच्या ढोलीतली पिंगळ्यांची, म्हणजे लहानशा घुबडांची, जोडी तेव्हा विजेच्या तारेवर येऊन बसली होती. त्यातल्या एकानं आमच्याकडे बघत दोन बैठका मारल्या, मान वाकडी केली आणि 'चिरक-चिरक-चिरक' असा कलकलाट सुरू केला. भाचीनं मोबाईलमधलं घड्याळ पाहिलं. "मग हा आत्ताच कसा ओरडला?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी हूटहूटबद्दल. पोकेमॉनच्या १९९९ साली जपानमध्ये आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या गेममधलं हे पाखरू, क्रमांक १६३. जपानीत त्याचं नाव नुसतं 'होहो', म्हणजे आवाजावरून पडलेलं. लढून लढून विसाव्या पातळीला पोचलं की त्याचं नॉक्टाउल नावाचं मोठं घुबड होतं. या दोन गेमची तेव्हाची नवलाई म्हणजे दिवस आणि रात्र. कॅसेटच्या आत छोटी बॅटरी आणि खरं चालणारं घड्याळ होतं. बाहेर अंधार पडला की गेममध्येही अंधार पडायचा, आणि हूटहूट भेटायचं ते रात्रीच. त्याच्या कपाळावरची नक्षी नीट बघा, घड्याळाचे काटेच आहेत. कॅसेटमध्ये घड्याळ बसवलं आणि त्याची जाहिरात करायला घुबड नेमलं, असा हा सगळा मामला.

पण घुबडाला घड्याळ मानण्यात जपान्यांनी आपल्याला मागे टाकलं असं कुणी समजू नये. पहाटेच्या आधीच्या काळोख्या प्रहराला आपण पिंगळावेळ म्हणतोच. त्याच वेळी कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या जोश्यालाही पिंगळा हेच नाव पडलं. माझी आई अजून सांगते, लहानपणी त्यांच्या गावी पिंगळा बोलला की आजी चूल पेटवायला उठायची.

आता तो अवयव. पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते, म्हणजे तासाला १५ अंश. घड्याळातला तासकाटा तासाला ३० अंश सरकतो. तासकाटा हलताना आपल्याला दिसत नाही, आणि पृथ्वी त्याच्याही निम्म्या वेगानं फिरते. फिरणं ओळखायचं इंद्रिय घुबडाला आहे, तुम्हाआम्हालाही आहे: कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि तिथले बारीक केस वाकतात. पण या नळ्यांना कळतो तो वेगातला बदल. जत्रेतला चक्री पाळणा सुरू होताना आणि थांबताना गरगरतं ते त्यामुळेच. एकसारखं संथ फिरणं त्या थोड्याच वेळात विसरून जातात, आणि पृथ्वी तर घुबडाच्या जन्मापासून एकसारखीच फिरते आहे. टांगलेल्या लंबकावरून तिचं फिरणं दाखवता येतं, पण नागपूरच्या अक्षांशावर त्या लंबकाचा झोका पूर्ण गोल फिरायला सुमारे ६६ तास लागतील. एवढ्यात हूटहूट दोन दिवस उशिरानं ओरडेल.

मग पिंगळ्याला वेळ कळते कशी? आतून. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर मिटत आणि उघडत राहिली. सूर्य दिसत नसताना वेळ पाळली जात होती, म्हणजे घड्याळ झाडाच्या आत होतं. ते चालतं कसं हे फळमाशीवर उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोटचा कॉक डोळ्यांसमोर आणा. टाकी भरत आली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं; पाणी वापरलं की फ्लोट खाली जातो आणि कॉक पुन्हा उघडतो. पेशीत एक जनुक प्रथिन बनवतं, प्रथिन पुरेसं साठलं की ते आपल्याच जनुकाला गप्प करतं, मग हळूहळू विरघळतं आणि जनुक पुन्हा कामाला लागतं. या एका फेरीला साधारण २४ तास लागतात.

'साधारण' हा शब्द महत्त्वाचा. हे घड्याळ रोज थोडं पुढे-मागे जातं आणि रोजचा उजेड ते लावून देतो. पक्ष्यांमध्ये तर उजेड ओळखणाऱ्या पेशी मेंदूच्या आतही असतात. कवटीतून झिरपून आलेला प्रकाश त्यांना पुरतो. त्यामुळे पिंगळा 'सहा वाजता' ओरडत नाही. तो मावळतीचा हिशेब ठेवतो. नागपुरात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सातच्या. हूटहूट आपलं बारा महिने एकाच ठोक्याला ओरडणार.

इथवर गेम हरला. पण घुबडापाशी एक घड्याळ आहे, आणि ते हूटहूटच्या घड्याळाच्या कितीतरी पट बारीक चालतं. ते त्याच्या कानांत आहे.

गव्हाणी घुबड तुम्ही पाहिलं असेल. जुन्या वाड्यांच्या, गोदामांच्या आढ्यात राहणारं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं. अमेरिकेत रॉजर पेन या शास्त्रज्ञांनी या घुबडाला मिट्ट काळोखाच्या खोलीत सोडलं. जमिनीवर वाळकी पानं, त्यांत उंदीर. घुबडानं झेप घेतली आणि उंदीर उचलला. त्यांनी उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीनं पानांवरून ओढला, तर घुबडानं बोळाही पकडला. कागदाला ना वास, ना ऊब. उरला तो फक्त खसखसाट.

आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित नंतर. घुबडाच्या एवढ्याशा डोक्यात हा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावा लागतो. मज्जातंतू एवढे चपळ नसतात, मग मोजतं कोण? मासाकाझू कोनिशी या मेंदूशास्त्रज्ञांनी याचा छडा लावण्यात आयुष्य घातलं. जन्म क्योटोचा, काम कॅलिफोर्नियात. हूटहूट जपानचं आणि घुबडाचं खरं घड्याळ उघडून दाखवणारा माणूसही जपानचाच, हा योगायोग मला भारी आवडतो.

उत्तर समजायला हावडा-मुंबई रेल्वेमार्ग पुरेल. वर्ध्याहून एक गाडी निघाली, गोंदियाहून दुसरी, दोघींचा वेग सारखा. एकाच क्षणी सुटल्या तर त्या बरोबर मधोमध एकमेकींसमोरून जातील. गोंदियाची गाडी उशिरा सुटली तर भेटीची जागा गोंदियाच्या बाजूला सरकेल. आता मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनात एकेक मास्तर बसवा आणि त्याला सांगा, 'दोन्ही गाड्या तुझ्यासमोरून एकदम गेल्या तरच शिट्टी वाजव.' कुणाच्याही हातात घड्याळ नाही, तरी कुठल्या स्टेशनात शिट्टी वाजली त्यावरून कुठली गाडी किती उशिरा सुटली ते कळेल. घुबडाच्या मेंदूत डाव्या आणि उजव्या कानाचे संदेश असेच समोरासमोर धावतात, आणि मधल्या पेशी दोन्ही एकदम आले तरच उत्तर देतात. अशी रचना असावी असा अंदाज जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये कागदावर मांडला होता. ती प्रत्यक्षात सापडली घुबडात.

डावं-उजवं झालं, वर-खाली कसं कळतं? गव्हाणी घुबडाच्या दोन कानांची भोकं एका रेषेत नसतात, एक वर आणि एक खाली. त्यामुळे खालचा आवाज एका कानात मोठा वाजतो, वरचा दुसऱ्यात. वेळेतल्या फरकावरून आडवी दिशा, आवाजातल्या फरकावरून उभी. १९७८ मध्ये नुडसेन आणि कोनिशी यांना मेंदूत अशा पेशींचा नकाशाच सापडला, अमुक पेशी अमुक दिशेच्या आवाजालाच जागी होणार. तो बदामाच्या आकाराचा चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारं सूप आहे. गेमनं इतकं सगळं सोडून घुबडाला पृथ्वी मोजायला लावलं.

नॉक्टाउलबद्दल लिहिलंय की विचार करायचा असला की ते मान १८० अंश फिरवतं. विचाराचं सोडा, पण १८० म्हणजे कंजूषपणा झाला. घुबड मान २७० अंशांपर्यंत फिरवतं, कारण त्याला दुसरा इलाज नाही. डोळे गोटीसारखे नसून नळकांड्यासारखे आहेत, हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले, खोबणीत फिरत नाहीत. म्हणून मानेत मणके १४, आपल्या दुप्पट. एवढी पिळूनही मेंदूचा रक्तपुरवठा तुटत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मणक्यांतली रक्तवाहिनीची भोकं वाहिनीच्या सुमारे दहापट रुंद असतात, त्यामुळे तिला सरकायला जागा राहते. त्या संध्याकाळी पिंगळ्यानं मारलेल्या बैठका आणि वाकडी मान हाही या न फिरणाऱ्या डोळ्यांचाच उपाय. डोकं हललं की जवळच्या वस्तू जास्त सरकतात, लांबच्या कमी, आणि अंतराचा अंदाज येतो. आम्ही किती लांब आहोत ते तो मोजत होता. हूटहूट मान डोलावून ताल धरतं म्हणतात, त्याचं मूळ बहुधा इथेच असावं.

बिनआवाजी पंखांचं मात्र गेमनं शंभर टक्के खरं लिहिलं आहे. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दात, मागच्या कडेला झालर, वर मखमल. हे तिन्ही १९३४ मध्ये ग्रॅहम यांनी नोंदवले. त्यावरून जपानच्या ५०० मालिकेच्या बुलेट ट्रेनच्या छतावरचा, वीज घेणारा दांडा घडवला गेला, म्हणजे वेगात तो शिट्टी मारू नये. पण मत्स्य घुबडाच्या पंखांवर हा कंगवा जवळजवळ नसतो आणि ते उडताना ऐकू येतं. पाण्याखालच्या माशाला हवेतला आवाज पोचतच नाही, मग गुपचूप कशाला उडायचं!

एक गणित भाचीनं करायला लावलं. हूटहूट ७० सेंटिमीटरचं आणि २१.२ किलोचं. पिंगळा २१ सेंटिमीटरचा, वजन जेमतेम ११५ ग्रॅम. लांबी ३.३ पट केली तर वजन ३७ पट होईल, म्हणजे सव्वाचार किलो. जपानच्या होक्काइदो बेटावरचं ब्लॅकिस्टनचं मत्स्य घुबड साधारण याच लांबीचं आणि याच वजनाचं असतं. २१ किलोच्या हूटहूटनं आमच्या केबलवर बसून दाखवावं. भारीभरकम माळढोकाचे परदेशी भाऊबंदही एवढं वजन घेऊन सहसा उडत नाहीत.

आणि प्रत्येक घुबड रात्रीचंच असतं हेही खरं नाही. आपल्या मेळघाटातला रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. १८७३ मध्ये शास्त्रानं त्याला नाव दिलं, १८८४ नंतर तो कुणाला सापडेना, संपला असंच धरलं गेलं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. भर दिवसा फांदीवर बसलेला पक्षी ११३ वर्षं हरवला होता.

भाचीला एक गोष्ट ठासून सांगितली, की मोबाईलमधलं घुबड पकड, तारेवरचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबड पकडणं, विकणं गुन्हा आहे, तरी दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रवाल्यांचं गिऱ्हाईक असतंच. संक्रांतीत दुसरी भीती. पतंग कापला की 'ओ काट' ओरडून आपण खाली उतरतो, झाडांत अडकलेला नायलॉन मांजा तिथेच राहतो आणि अंधारात आवाज न करता येणाऱ्या पंखाला तो दिसत नाही. असं पाखरू सापडलं तर सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. खोक्यात ठेवून तिथे न्यावं, पाणी पाजायच्या भानगडीत पडू नये.

सुट्टी संपेपर्यंत भाचीनं वहीत पिंगळ्याची पहिली हाक टिपली. सगळ्या नोंदी पावणेसहाच्या अलीकडे-पलीकडे, सूर्य मावळून पंधरा-एक मिनिटांनी. जाताना वही आजीकडे सोपवून गेली. आजी म्हणजे माझी आई, तिला तसाही तुळशीपाशी दिवा लावायला तेव्हा अंगणात यावंच लागतं. डिसेंबरभर तिच्या मोठ्या, वळणदार अक्षरात वेळा पुढे पुढे सरकत गेल्या. संक्रांतीपर्यंत सहा वाजून पाच झाले. त्या आठवड्यात एका संध्याकाळी एकदम पाच बावन्न. मला वाटलं, आईनं घड्याळ चुकीचं पाहिलं. खाली तिनं लिहिलं होतं, 'आज आभाळ आलं होतं. घाईत होता.'