भर उन्हात पाणी घातलं की पानं जळतात?

एप्रिल उजाडला की एक सल्ला हमखास ऐकू येतो: दुपारी झाडांना पाणी घालू नका, पानावरचे थेंब भिंगासारखं ऊन एकवटतात आणि पान जळतं. या भीतीपायी सुकत चाललेली मिरचीची कुंडी संध्याकाळपर्यंत तहानलेली ठेवली जाते, याचं फार वाईट वाटतं.

बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो, त्यातून जाणारं ऊन पानाच्या पृष्ठभागावर एकवटतच नाही, शिवाय पाणी पानाला गारवा देतं. पानं जळली नाहीत. थेंब उचलून धरणारी दाट लव असेल तरच डाग पडू शकतो, पण असे थेंब सहसा घरंगळतात.

मग पानं करपतात कशाने? अनेकदा गच्चीवर तापलेल्या नळीतल्या कढत पाण्याने, किंवा बोअरच्या खारट पाण्यातले क्षार पानावर सुकल्याने. पहिलं पाणी बादलीत सोडा, हाताला गार लागलं की मग झाडाला.

सकाळी पाणी घालणं चांगलंच, कमी वाफ होते. दुधी-काकडीची पानं दुपारी माना टाकतात आणि उन्हं उतरली की सावरतात, म्हणून आधी मातीत बोट खुपसा. दोन पेरं खोल कोरडं लागलं तर दुपारी एकलाही बुंध्याशी पाणी द्या.