सगळे पर्याय न तपासता अचूक उत्तर

मोबाइल टॉवरच्या चार अँटेनांवरून एकाच वारंवारितेवर चार वेगवेगळे संकेत एकाच क्षणी सोडले जातात, तेव्हा फोनच्या प्रत्येक अँटेनावर त्या चारांचे मिश्रण पोहोचते आणि त्यात गोंगाटाची भर पडते. मिश्रणाचे प्रमाण आधीच ठरलेल्या पायलट संकेतांवरून मोजता येते. खरा कस लागतो तो मूळ संकेत ओळखताना.

६४-क्यूएएम पद्धतीत प्रत्येक संकेत ६४ मूल्यांपैकी एक असतो, म्हणजे चारांचे मिळून १,६७,७७,२१६ पर्याय होतात. प्रत्येक पर्याय ताडून सर्वांत जवळचा निवडला, तर चुकीची शक्यता किमान राहते. परंतु २० मेगाहर्ट्झच्या फोरजी वाहिनीत अशी कोडी सेकंदाला दीड कोटीहून अधिक येतात, आणि एवढी आकडेमोड फोनच्या बॅटरीला झेपणारी नाही. मिश्रणाच्या प्रमाणांचा तक्ता (मॅट्रिक्स) उलटवून, त्या व्यस्त मॅट्रिक्सने गुणून संकेत वेगळे करणे स्वस्त पडते, पण अँटेनांमधल्या वाहिन्या, म्हणजे संकेतांच्या वाटेतले मार्ग, एकमेकींसारख्या असल्या की त्या गुणाकारात गोंगाटही वाढतो. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेने १९९८ मध्ये मांडलेल्या व्ही-ब्लास्ट पद्धतीत सर्वांत ठळक संकेत आधी ओळखून वजा केला जातो. तिथे पहिलीच ओळख चुकली, तर पुढच्याही बिघडतात.

मला सर्वांत देखणी वाटते ती स्फिअर डिकोडिंगची युक्ती. समीकरणे त्रिकोणी रूपात मांडली की शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात उरतो, त्याच्या वरच्यात दोन, आणि अशा पायऱ्या चढत एकेका संकेताचे मूल्य निवडताना, मिळालेल्या आणि अपेक्षित मिश्रणातील फरकांच्या वर्गांची बेरीज फक्त वाढतच जाते. म्हणून निवडींच्या एखाद्या वाटेवरची बेरीज आतापर्यंतच्या सर्वोत्तम उत्तराच्या पुढे गेली, की त्या वाटेवरचे सगळे पर्याय न पाहताच सोडता येतात, आणि तरीही अचूक उत्तर हातचे जात नाही. मात्र गोंगाट वाढला की शोध लांबतो. सरासरी श्रमही अँटेनांच्या संख्येबरोबर घातांकी वाढतात, हे संशोधक याल्डेन आणि ऑटर्स्टेन यांनी २००५ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे चिपमध्ये अनेकदा के-बेस्ट पद्धत वापरतात: प्रत्येक पायरीवर ठरावीक संख्येच्याच वाटा जिवंत ठेवायच्या. अचूकतेची हमी जाते, पण लागणारा वेळ आधी कळतो, आणि चिप घडवणाऱ्याला तो सौदा परवडतो असे माझे मत आहे.

उलट, फोनकडून आलेले संकेत टॉवर ओळखत असेल, आणि टॉवरवर ६४ अँटेना व ग्राहक मोजकेच असले, की ग्राहकांच्या वाहिन्या एकमेकींना जवळजवळ लंब होतात, म्हणजे सहज वेगळ्या करता येतात, आणि मॅट्रिक्सने गुणण्याची साधी रेषीय पद्धतही पुरते. तिथे खर्चिक ठरते ते मॅट्रिक्स उलटवणे, कारण त्याचे श्रम ग्राहकसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून अंदाज फेरीफेरीने सुधारणाऱ्या गाउस-सायडेलसारख्या पद्धतीच्या काही फेऱ्यांतच पुरेसे जवळचे उत्तर काढले जाते. ग्राहकसंख्या अँटेनांच्या संख्येजवळ सरकली, की या फेऱ्या वाढतात आणि बचत आटते.