बेळगाव सीमाभागातला सहकार

सीमाभागात सहकार म्हटलं की गावची सोसायटी, दूध डेअरी, पतसंस्था, साखर कारखाना आणि हुक्केरी तालुक्यात तर चक्क लाईटसुद्धा. पैसा सभासदांचा, आणि शेअर एक असू दे नाहीतर शंभर, मत एकच, कंपनीत आणि ह्यात मुख्य फरक तो.

1904 ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि 1905 ला गदगजवळच्या कणगिनहाळ गावात देशातल्या अगदी पहिल्या सोसायट्यांपैकी एक निघाली. तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं इथल्या जुन्या संस्था मुंबईच्या 1925 च्या कायद्याखाली वाढल्या, मग कर्नाटकचा 1959 चा कायदा लागू झाला. सभासद दोन्ही राज्यांत असले की मल्टिस्टेट नोंदणी करावी लागते, सीमेवर ते साहजिकच आहे.

वाईट वर्षात गाव कशावर तगतं ते बघायचं तर सकाळी डेअरीत जाऊन उभं राहावं. किटल्या घेऊन लोक येतात, सॅम्पल काढतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) दिसतो, चिठ्ठी हातात पडते, आणि म्हशीच्या दुधाचा फॅट 6 टक्क्यांच्या खाली आला की एखादी मावशी तिथंच विचारते, "पेंड तीच घातली की वो, मग आजच कसा उतरला?" उसाचं बिल कायद्यानं 14 दिवसांत मिळायला पाहिजे पण महिनोन्‌महिने रखडतं, निपाणीकडचा तंबाखू वर्षातनं एकदाच पैसा दाखवतो, दुधाचं बिल मात्र दहा-पंधरा दिवसांत हातात येतं, आणि घरचा किराणा, पोरांची फी, दवाखाना त्यावरच चालतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा सगळ्यांनाच पूर आला, उभी पिकं पाण्यात गेली, अशा वेळी ज्याचं जनावर वाचलं त्याच्या हातात निदान रोजचा पैसा राहतो. डेअरीच्या लाईनीत मराठी-कन्नड दोन्ही घरं असतात आणि फॅटचा हिशोब सगळ्यांना सारखाच.

सोसायटीचं पीककर्ज हा दुसरा आधार. कर्नाटकात ते वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यानं मिळतं, मर्यादा आधी 3 लाख होती, 2023 मध्ये 5 लाख केली. हे नसलं की माणूस सावकाराकडं जातो आणि मग जमीनच जाते.

हुक्केरीची वीज संस्था खरंच वेगळी आहे. 1969 च्या सुमारास देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निवडल्या, त्यातली ही एक. वीज विकत घेऊन तालुक्यात वाटायची आणि वाटणाऱ्या संस्थेचे मालक ग्राहकच, असं आसपास कुठं बघायला मिळत नाही.

पतसंस्थेबद्दल मात्र स्पष्ट सांगायला पाहिजे. सहकारी बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पिग्मीवाला, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत गोळा करणारा, रोज दारात येतो, ओळखीचा असतो, म्हणून लोक आयुष्याची कमाई एकाच ठिकाणी ठेवतात, आणि संचालकांनी आपल्याच माणसांना कर्जं वाटली की पहिला फटका ह्या ठेवीदारांनाच बसतो. सभासदाला ताळेबंद मागायचा हक्क आहे. वार्षिक सभेत चहा-नाश्ता करून सही ठोकून परत यायचं नाही, थकबाकी किती आणि कुणाची, एवढं तरी उभं राहून विचारायचं.