फेयेट: भट्टी का विझली आणि गाव कसं उरलं

सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीचं आणि तिथल्या बंद कारखान्याचं पुढे काय, हा विषय वेंगुर्ला-शिरोड्याकडे निघाला, की मिशिगनला मुलाकडे उन्हाळा काढून आलेलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं. निळं पाणी, पांढरा कडा, पाण्यालगत चुनखडीच्या दगडात बांधलेल्या दोन भट्ट्या आणि मागे हिरवळीवर रिकामी घरं. ‘बघा, तिकडे कसं जपलंय.’ ते गाव म्हणजे फेयेट. आज तिथे सुमारे ७०० एकरांचं सरकारी उद्यान आहे. फोटो खरे आहेत, पण त्यांतून निघणारा अर्थ बहुतेक वेळा अर्धाच असतो. म्हणून ही पार्श्वभूमी.

मिशिगन सरोवराच्या उत्तर काठावरून गार्डन नावाचं एक द्वीपकल्प पाण्यात उतरलं आहे. त्याच्या पश्चिम अंगाला, बिग बे डी नॉक या उपसागरात, गोगलगायीच्या शंखासारखं आत वळलेलं एक छोटं बंदर आहे. उपसागराला नाव मिळालं ते तिथल्या मूळ नोके लोकांवरून. उद्यानाच्या कहाणीत त्यांच्या वाट्याला साधारण एवढंच येतं, आणि खरं सांगायचं तर या लेखातही तेवढंच येणार आहे.

गाव उभं राहिलं ते वाहतुकीच्या हिशोबातून. उत्तरेकडे नेगॉनीला १८४४ साली लोहखनिज सापडलं. १८५५ मध्ये सू सेंट मेरीचा जलपाश, म्हणजे बोटी वर-खाली नेणारा दरवाज्यांचा कालवा, सुरू झाला आणि सुपीरियर सरोवरातली गलबतं खालच्या सरोवरांत उतरू लागली. खनिज आहे तसंच शेकडो मैल लांबच्या भट्ट्यांकडे जाई. ते उत्तम प्रतीचं असलं तरी त्याच्या वजनात लोखंड साठ-पासष्ट टक्केच. उरलेल्या दगडाचं आणि प्राणवायूचंही भाडं भरावं लागे. मग खाणीच्या मालकांनी ठरवलं, की जवळच वितळवायचं आणि बीड, म्हणजे कच्चं लोखंड, करूनच पाठवायचं. रेडीच्या लोकांना हा वाद नव्याने सांगायला नको. तिथून कित्येक दशकं माती बोटीत भरून परदेशी गेली. पुढे कच्च्या लोखंडाचा कारखाना आला, त्याने हात बदलले आणि तोही बंद पडला.

फेयेटची निवड १८६७ साली झाली, कारण तिथे तीन गोष्टी एका जागी होत्या. खोल आणि वाऱ्यापासून आडोसा असलेलं बंदर, मागे मेपल-बीचसारख्या कठीण लाकडाचं जंगल आणि बंदरालाच टेकलेला चुनखडीचा कडा. चौथी गोष्ट, म्हणजे खनिज, नेगॉनीहून रेल्वेने एस्कनाबाला आणि तिथून पाण्याने पलीकडे यायचं. हिवाळ्यात उपसागर गोठतो. आपल्याकडे आगोटीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद, तसं तिथे बर्फ वितळेपर्यंत. तोवर पुरेल एवढ्या खनिजाचा ढीग शरदातच रचून ठेवावा लागे.

भट्टीचं काम सांगायला सोपं आहे. वरून खनिज, लोणारी (लाकडाचा) कोळसा आणि चुनखडी थरांनी ओतायची, खालून तापवलेली हवा फुंकायची. चुनखडी दगडातली वाळू धरून मळी होते आणि वर तरंगते. खाली जमलेलं लोखंड वाळूत पाडलेल्या चरांत सोडायचं. मळी वेगळी काढून काठावर टाकत. ती आजही तिथे आहे. काठावर नेहमीच्या खड्यांमध्ये हिरवट, निळसर, काचेसारखे तुकडे मिसळलेले दिसतात. हातात घेतले तर गोठताना अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे नजरेस पडतात. खिशात टाकायचा मोह होतो, पण उद्यानातून काही उचलून न्यायला मनाई आहे.

ऐन भरात गावाची वस्ती ५०० च्या आसपास होती. बहुतेक लोक कॅनडा, ब्रिटिश बेटं आणि उत्तर युरोपातून आलेले. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, खानावळीसह हॉटेल कंपनीचं. २४ वर्षांत दोन्ही भट्ट्यांतून मिळून २,२९,२८८ टन लोखंड निघालं. १८९१ साली कंपनीने वितळवणं थांबवलं.

ते का थांबवलं, इथे खरी मतभिन्नता आहे.

सर्वांत जास्त ऐकू येतं ते उत्तर म्हणजे जंगल संपलं. ऐकायला ते पटतं, आणि कोकणात तर लगेच पटतं, कारण कोळशाच्या भट्टीने डोंगर कसा बोडका होतो हे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत लोकांनी पाहिलेलं आहे. आकडाही त्याच बाजूने बोलतो. त्या काळच्या भट्टीत एक टन लोखंडाला ढोबळमानाने एक टन कोळसा लागे आणि एक टन कोळशाला चार-पाच टन लाकूड. म्हणजे फेयेटच्या सगळ्या लोखंडापोटी नऊ ते अकरा लाख टन लाकूड जळालं असणार. दरवर्षी तोड थोडी आणखी लांब सरकली, कोळशाच्या भट्ट्या गावापासून दूर गेल्या आणि ओढून आणायचा खर्च वाढत गेला.

मात्र ‘संपलं’ आणि ‘महाग झालं’ यांत अंतर आहे, आणि मला दुसरं जास्त बरोबर वाटतं. १८९० पर्यंत अमेरिकेत वर्षाला ९० लाख टनांहून अधिक कच्चं लोखंड निघत होतं, त्यातला फार मोठा भाग दगडी कोळशावर किंवा तो भाजून केलेल्या कोकवर. कोक लोणारी कोळशापेक्षा मजबूत असतो, जास्त उंच थराचं ओझं पेलतो. त्यामुळे भट्टी मोठी बांधता येते आणि टनामागचा खर्च उतरतो. पोलादाचा बाजार त्या स्वस्त लोखंडावर वाढला. लोणारी कोळशाचं लोखंड चांगलंच होतं. रेल्वे डब्यांच्या बिडाच्या चाकांसाठी त्याला मुद्दाम मागणी असे. पण चांगलं असूनही त्याला गिऱ्हाईक मर्यादित होतं, आणि त्या गिऱ्हाइकावर दोन भट्ट्यांचं अख्खं गाव पोसणं दर वर्षी कठीण होत गेलं.

या वादात मला निर्णायक वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. मिशिगनमधल्याच काही लोणारी कोळशाच्या भट्ट्या फेयेटनंतर अनेक वर्षं, विसाव्या शतकातही चालू राहिल्या. लाकूड त्यांनाही लांबूनच आणावं लागत होतं. पण कोळसा पाडताना निघणारा धूर त्यांनी वाया घालवला नाही. बंद पात्रांत लाकूड भाजून वाफ थंड केली आणि तिच्यातून लाकडाचा मद्यार्क नि ॲसेटेट काढून विकलं. कोळसा जोडउत्पादन झाला आणि हिशोब जुळला. त्यासाठी नवं भांडवल घालावं लागलं असतं, आणि फेयेटच्या मालकांचा मुख्य धंदा खाणीचा होता. खनिज विकून पैसे मिळत असताना जुन्या भट्टीत आणखी पैसा ओतायची त्यांना गरज नव्हती. जंगल तोडलं म्हणून गाव मेलं, असं म्हटलं की तो निसर्गाचा न्याय वाटतो. प्रत्यक्षात तो एका दूरच्या शहरातल्या कार्यालयात बसून घेतलेला धंद्याचा निर्णय होता. उद्यानाच्या माहितीतही बाजार घसरल्याचंच कारण दिलेलं असतं. जंगलाची गोष्ट चालते ती जास्त करून पर्यटकांच्या तोंडी.

पुढचा काळ सावकाश गेला. कामगार निघून गेले, थोडी कुटुंबं शेती-मासेमारीवर राहिली, हॉटेल उन्हाळी पाहुण्यांसाठी चालू राहिलं. १९१६ मध्ये सगळी जागा एका श्रीमंत गृहस्थाने घेतली. नंतर ती कागद बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि १९५९ साली राज्याने ती घेतली. पैसे देऊन नव्हे, बदल्यात सरकारी मालकीचं लाकडाचं जंगल देऊन. कोळशासाठी जंगल खाल्लेलं गाव शेवटी कागदासाठीच्या जंगलाच्या मोबदल्यात वाचलं. ‘सरकारने जपलं’ म्हणणाऱ्यांनी ही अदलाबदल लक्षात ठेवायला हवी, कारण रेडीला तसं काही करायचं झालं तर पहिला प्रश्न हाच येईल, की जमीन कुणाची आणि बदल्यात काय. १९७० मध्ये गावाची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

जपताना काय उरलं होतं, यावर दिसणारं चित्र ठरलं. दगडी भट्ट्या टिकल्या, दुकानाच्या भिंती टिकल्या. हॉटेल, कार्यालय, सभागृह, डॉक्टर आणि अधिकाऱ्यांची फळ्यांची घरं डागडुजी करून उभी ठेवता आली. मजुरांच्या ओंडक्यांच्या झोपड्या कुजून गेल्या. त्यांतली एक नमुना म्हणून नव्याने बांधली आहे. त्यामुळे फिरताना गाव होतं त्यापेक्षा टापटीप वाटतं. भट्टीजवळची उष्णता, धूर, दाटीवाटी यांची कल्पना स्वतःच करावी लागते. आपल्याकडे कोळशाच्या भट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांच्या खोपी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती करायला फारसा वेळ लागणार नाही. कड्यावरचे सीडर मात्र खरोखर जुने आहेत. काहींचं वय हजार वर्षांच्या पुढे जातं. दगडाच्या फटीत वाकडेतिकडे वाढल्यामुळे कुऱ्हाडीला ते कामाचे नव्हते.

मुलाकडे जाऊन तिथे जायचा बेत असेल, तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. बाकीच्या महिन्यांत इमारती बंद असतात. प्रवेशासाठी गाडीवर परवाना लागतो. मिशिगनची नोंदणी असलेल्या गाडीला तो वार्षिक नोंदणीबरोबर थोडे जादा पैसे भरून मिळतो, आणि नंबरपाटीच्या चिकटपट्टीवर तशी खूण असते. शिकागोहून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून गाडी नेणाऱ्यांना तो वेगळा विकत घ्यावा लागतो.