अडकलेला नट आणि निकेलचा मुलामा

स्टेनलेस स्टीलच्या बोल्टवर स्टेनलेस स्टीलचाच नट चढवताना कधी कधी विचित्र प्रकार होतो. चार वेढे नट मजेत फिरतो, मग जड होतो, करकरतो आणि मध्येच असा बसतो की ना पुढे जात, ना मागे येत. पान्यावर आणखी जोर दिला की बोल्टच पिळून तुटतो. गंज कुठेच नसतो, आटेही चुकलेले नसतात. दोन धातू एकमेकांना चिकटलेले असतात, एवढंच. कारखान्यात याला गॉलिंग म्हणतात.

हाताला गुळगुळीत लागणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ दिसतो. दोन भाग टेकतात ते फक्त शिखरांवर, त्यामुळे सगळा दाब त्या इवल्याशा टोकांवर येतो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. एरवी तोच गंजापासून वाचवतो. घासताना तो खरवडला जातो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि भट्टीशिवायच सांधा जुळतो. नट पुढे रेटला की हा जोड तुटतो, पण सांध्याच्या जागी नाही. शेजारच्या धातूचा लचका घेऊन तुटतो. तो लचका रगडून आणखी कडक होतो आणि नांगरासारखा पुढचा पृष्ठभाग उकरत जातो.

यावर एक उपाय म्हणजे एका भागावर निकेलचा मुलामा देणं. मात्र साधं, शुद्ध निकेल निकेलवर घासलं तर तेही असंच चिकटतं! खरं काम करतो तो त्यात मिसळलेला फॉस्फरस. आणि तो तिथे आला अपघातानेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत अॅबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल विजेच्या साहाय्याने निकेल चढवत होते. द्रावणातली रसायनं खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी त्यात सोडियम हायपोफॉस्फाइट टाकलं. वजन केलं तर निकेल जास्तच भरलं. वाहिलेल्या विजेच्या हिशेबात न बसण्याइतकं. म्हणजे काही निकेल विजेशिवायच बसत होतं. 1946 मध्ये त्यांनी ही पद्धत जाहीर केली. हायपोफॉस्फाइट निकेलच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं आणि जाता जाता थोडा फॉस्फरसही थरात सोडून जातं.

वीज टोकांवर आणि कडांवर जास्त एकवटते, म्हणून विजेचा मुलामा तिथे जाड आणि खाचेत पातळ बसतो. सुमारे 90 अंश सेल्सियसच्या या रासायनिक द्रावणात तो भेद नाही. आट्यांच्या तळाशीही थर जवळजवळ सारखाच. नंतर 400 अंशांवर तासभर तापवलं की थरात निकेल फॉस्फाइडचे कठीण कण तयार होतात आणि कडकपणात तो क्रोमच्या कठीण मुलाम्याच्या जवळ पोचतो. पण तापवताना थर आकसून बारीक भेगा पडू शकतात, मग गंजाला वाट मिळते. ओलसर, खाऱ्या जागी मी तरी न तापवलेलाच थर निवडेन. काही ठिकाणी थरातच टेफ्लॉनचे कण मिसळतात. तो थोडा मऊ होतो, पण घसरतो छान.

आता जाडीचा हिशेब. 25 मायक्रॉनचा, म्हणजे 0.025 मिलिमीटरचा थर काहीच नाही, असं वाटतं. पण नेहमीच्या 60 अंशांच्या कोनाच्या आट्यांच्या उतारांवर तो दोन्ही बाजूंनी बसतो आणि आट्यांचा मधला व्यास थराच्या चौपटीने, म्हणजे 0.1 मिलिमीटरने वाढतो. नट अडकू नये म्हणून दिलेला मुलामा मग नटाला चढूच देत नाही. म्हणून बोल्टचे आटे आधीच तेवढे बारीक कापून ठेवावे लागतात.