विकरांच्या क्रियेवर तापमानाचा परिणाम

विकरे म्हणजेच एन्झाइमे ही बहुतांशी प्रथिने असून ती सजीवांतील रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवतात. तापमान वाढले की सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे अभिक्रिया घडण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, उंबरठा ओलांडू शकणाऱ्या रेणूंचे प्रमाण वाढते. त्यामुळे मध्यम तापमानकक्षेत दर १० अंश सेल्सिअसला वेग साधारणपणे दुप्पट होतो. तापमान आणि वेग यांचे हे नाते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये समीकरणात मांडले. मात्र त्याच उष्णतेने प्रथिनाची त्रिमितीय घडी सांभाळणारे दुर्बल बंध तुटू लागतात, अभिक्रिया जेथे घडते त्या क्रियास्थानाचा आकार बिघडतो आणि वेग झपाट्याने घसरतो.

या ओढाताणीतून आलेखावर जो शिखरबिंदू मिळतो, त्याला इष्टतम तापमान म्हणतात. तो विकराचा स्थिर गुणधर्म असल्यासारखा सांगितला जातो, ते योग्य नाही. विकर त्या तापमानाला किती वेळ राहिले यावर तो अवलंबून असतो. काही मिनिटांच्या प्रयोगात जे तापमान सरस ठरते, तेच तासाभराच्या प्रयोगात घातक ठरू शकते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत लाळेतील अमायलेज हे पिष्टाचे (स्टार्चचे) विघटन करणारे विकर पिष्टाच्या द्रावणात मिसळतात आणि ठरावीक वेळाने एकेक थेंब पांढऱ्या फरशीवरील आयोडीनमध्ये टाकतात; पिष्ट शिल्लक असेल तर थेंब निळा-काळा होतो. ३७ अंशांच्या नळीतील थेंबाला निळा-काळा रंग येणे लवकर थांबते, बर्फातील नळीत तो बराच काळ येत राहतो, तर आधी उकळलेल्या लाळेच्या नळीत तो जातच नाही. मे महिन्यात मुंबईत खोलीचेच तापमान तिशीपार असल्याने तेथे बर्फाची नळी वगळून चालत नाही. ती नळी कोमट पाण्यात ठेवताच क्रिया पुन्हा वेग घेते. उकळलेली लाळ थंड केल्याने मात्र काहीही साधत नाही. थंडी विकराला मंदावते, अतिउष्णता त्याची रचनाच मोडते, हा भेद या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. ससून डॉकवरील मासळी बर्फात ठेवली तरी तिच्या स्नायूंतील व आतड्यांतील विकरांची क्रिया पूर्ण थांबत नाही, ती याच कारणाने.

उष्णता सोसण्याची क्षमता विकरागणिक वेगळी असते. थर्मस अक्वाटिकस या उष्ण झऱ्यांतील जीवाणूचे डीएनए पॉलिमरेज ९५ अंशांनाही काही काळ टिकते, म्हणून ते पीसीआर चाचणीत, म्हणजे वारंवार तापवून डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, वापरतात. याउलट दुधातील अल्कधर्मी फॉस्फटेज ७२ अंशांना १५ सेकंदांच्या पाश्चरीकरणात निष्क्रिय होते. प्रक्रियेनंतर लगेच तपासलेल्या दुधात त्याची क्रिया आढळल्यास पाश्चरीकरण अपुरे झाले किंवा त्यात कच्चे दूध मिसळले गेले, असा निष्कर्ष दुग्धशाळेत काढला जातो.